तोळाभर शिसं

आमच्या घरची बंदूक दर निवडणुकीला घर सोडायची. आचारसंहिता लागली की परवानाधारकांना हत्यारं जमा करायला सांगत. मग आजोबा ती जुनी बारा बोअर चादरीत गुंडाळायचे, मला मोटारसायकलवर मागे बसवायचे आणि आम्ही लासलगावच्या पोलीस ठाण्यात जायचो. परवाना पीक संरक्षणाचा होता. उसात रानडुकरं शिरली की हवेत एखादा बार काढायचा, एवढाच तिचा उपयोग. हवालदार नंबर ताडून बघायचे, काडतुसं मोजायचे आणि पावती द्यायचे. काडतुसांवर ‘शक्तिमान’ लिहिलेलं असायचं. टीव्हीवरच्या शक्तिमानचा पुण्याजवळच्या खडकीत काडतुसांचा कारखाना आहे, असं मी बरीच वर्षं धरून चालले होते.

एकदा परत येताना मी विचारलं, “आजोबा, बारा बोअर म्हणजे बारा काय?”

“बाराची बंदूक म्हणजे बाराची,” ते म्हणाले. “नेम हातात असतो, बंदुकीत नसतो.”

प्रश्नाचं उत्तर मिळालं नव्हतं. आणि न विचारलेल्या प्रश्नाचं जे मिळालं होतं, ते अर्धंच खरं होतं, हे कळायला मला पंधरा वर्षं लागली.

बारा म्हणजे वजन

बारा हे माप लांबीचं नाही, वजनाचं आहे. एक पौंड शिसं घ्या आणि त्याच्या बारा सारख्या गोल गोळ्या पाडा. त्यातली एक गोळी ज्या नळीत नेमकी बसेल ती नळी बारा बोअरची. सोळा गोळ्या पाडल्या तर गोळी लहान, म्हणून सोळा बोअरची नळी अरुंद. आकडा वाढला की नळी बारीक होते, ती याच कारणाने.

लासलगावच्या माणसाला हे समजायला अवघड जाऊ नये. आमचं गावच वजनावर चालतं. १९४७ साली इथे बाजार समिती सुरू झाली आणि आज कांद्याचा देशातला भाव आमच्या लिलावाकडे बघून ठरतो. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत हात घालून व्यापारी दोन कांदे उचलतो, तळहातावर जोखतो आणि बोली लावतो. आकार आणि वजन, या दोनच गोष्टी तो बघतो. सगळा माल एकसारखा असेल तर भाव चढतो. चांगल्या कांद्यात गोल्टी मिसळलेली दिसली की उतरतो.

गोळीचा इतिहासही याच दोन गोष्टींचा आहे. आकार आणि वजन. आणि तिसरी, माल एकसारखा आहे की नाही.

गोळीचं वजन जगभर अजूनही ‘ग्रेन’मध्ये सांगतात. ग्रेन म्हणजे धान्याचा दाणा. ७००० ग्रेनचा एक पौंड होतो. हे परकं वाटेल, पण आपल्या घरात याचं एक माप पडून असतं. आजीच्या पेटीत राणीछाप रुपया असेल तर काढा. इंग्रजी अमलातला चांदीचा रुपया बरोबर १८० ग्रेनचा होता, आणि तेवढाच इंग्रजांनी ठरवलेला तोळा, म्हणजे ११.६६ ग्रॅम. या लेखात मी गोळ्या त्या रुपयावर तोलणार आहे. बारा बोअरची ती मूळ गोळी सव्वातीन रुपये भरते.

गोल गोळीचा बेभरवसा

शेकडो वर्षं गोळी गोलच होती. तोड्याच्या बंदुकीची, गारद्यांच्या चकमकीच्या बंदुकीची आणि कमरेला लावायच्या पिस्तुलाचीही. आमच्या शेजारच्या विंचूरचे विठ्ठल शिवदेव १७६१ साली पानिपतावर होते. तिथे दोन्ही बाजूंनी ज्या गोळ्या सुटल्या त्या अशाच, शिशाच्या गोट्या.

या गोटीची अडचण अशी की ती नळीपेक्षा थोडी लहान ठेवावी लागे. दोन-चार बार काढले की नळीत काजळी साचते आणि घट्ट गोळी आत जात नाही. सैल गोळी मग नळीत आपटत बाहेर येते. शेवटचा धक्का ज्या भिंतीला बसेल त्याप्रमाणे तिला कशीही गिरकी मिळते आणि त्या गिरकीने ती हवेत वळते. लेग स्पिनरचा चेंडू हवेत वाहत जातो, तोच हा प्रकार.

हे प्रयोगाने दाखवणारा माणूस बेंजामिन रॉबिन्स. १७४२ साली त्याने तोफविद्येवर पुस्तक लिहिलं. लोलकावर गोळी मारून तो किती झुलतो त्यावरून वेग काढायची युक्ती त्याचीच. पुढे त्याने एका बंदुकीची नळी टोकाशी मुद्दाम डावीकडे वाकवली. गोळी सुरुवातीला डावीकडे गेली आणि पुढे उजवीकडे वळली, कारण वाकड्या नळीने तिला त्या दिशेची गिरकी दिली होती. म्हणजे गिरकी टाळता येत नसेल तर ती आपल्याला हवी तशी द्यावी. नळीत पिळदार खाचा पाडाव्यात, गोळीला भोवऱ्यासारखं फिरवावं, म्हणजे ती सरळ जाईल. खाचांच्या नळ्या आधीपासून होत्या. त्या काम का करतात हे रॉबिन्सने सांगितलं. कंपनी सरकारने त्याला किल्ले दुरुस्त करायला हिंदुस्थानात पाठवलं आणि १७५१ साली तो कडलूरजवळच्या फोर्ट सेंट डेव्हिडमध्ये मरण पावला.

उपाय कळला तरी अडचण राहिलीच. खाचा गोळीला पकडणार कशा? त्यासाठी गोळी घट्ट हवी आणि घट्ट गोळी तोंडाकडून ठोकत आत घालावी लागे. तेवढ्या वेळात समोरचा तीन बार काढे.

नेमासाठी लावलेली चरबी

तोडगा सुचला तो एका फुंकनळीवरून, असं सांगतात. कॅप्टन जॉन नॉर्टन नावाचा इंग्रज अधिकारी दक्षिण हिंदुस्थानात होता. तिथले लोक फुंकनळीने बाण मारत. बाणाच्या बुडाशी मऊ भेंडाचा गुंडा असे. फुंकर मारली की तो फुगून नळीला चिकटे आणि हवा बाजूने निसटत नसे. नॉर्टनने १८२३ साली तशीच लांबट, पोकळ बुडाची गोळी केली. आत घालताना सैल आणि बार उडाला की बूड फुलून खाचांत घट्ट. सरकारने तिच्याकडे लक्ष दिलं नाही. १८४० च्या दशकाच्या शेवटी फ्रान्सच्या क्लोद मिनिएने तीच कल्पना पुढे नेली आणि जगभर गोळी गोल राहिली नाही, टोकदार झाली.

याच कुळातली एनफिल्ड रायफल १८५३ मध्ये ठरली. तिची गोळी ५३० ग्रेनची, म्हणजे जवळपास तीन रुपयांची. गुळगुळीत नळीच्या बंदुकीने शंभर यार्डांपलीकडच्या माणसाला टिपणं नशिबावर होतं. एनफिल्डने ते अंतर कित्येक पटींनी वाढवलं. पण ही गोळी कागदात गुंडाळलेली असे आणि कागदासकट आत जाई. ती खाचांतून सरकावी, काजळी चिकटू नये, म्हणून कागदाला चरबी लावत. आणि दारू ओतण्यासाठी काडतुसाचं टोक दातांनी तोडायचं, अशी कवायत.

पुढचं आपण शाळेत वाचलेलं असतं. कलकत्त्याजवळच्या दमदममध्ये जानेवारी १८५७ मध्ये गाय-डुकराच्या चरबीची बातमी फुटली, मार्चमध्ये बराकपूरला मंगल पांडे उभा राहिला. शाळेतल्या पुस्तकात नसतं ते एवढंच, की ती चरबी तिथे होती नेमासाठी. जुन्या बंदुकीच्या सैल गोटीला एवढ्या वंगणाची गरजच नव्हती. गोळी अचूक लागावी म्हणून ती घट्ट केली आणि घट्ट केली म्हणून तिला चरबी लागली. उठावाची कारणं शंभर होती, संस्थानं, जमिनी, पगार, अपमान. पण ठिणगीचं काम या तीन रुपये वजनाच्या गोळीने केलं. त्या उठावाचा सेनापती तात्या टोपे जन्मला आमच्या शेजारच्या येवल्यात. आज आम्ही तिथे पैठणी घ्यायला जातो.

१८५९ साली तात्यांना फाशी झाली. दहा वर्षांनी, १८६९ मध्ये, खडकीला दारूगोळ्याचा कारखाना उभा राहिला. १८७८ मध्ये हत्यारांचा कायदा आला. एतद्देशीयाने हत्यार बाळगायचं तर परवाना काढायचा आणि युरोपियनांना त्यातून सूट. गोळी कोणी बनवायची आणि कोणी बाळगायची, दोन्ही आता सरकार ठरवणार होतं. आजोबांची चादरीतली बंदूक आणि हवालदारांची पावती यांचं मूळ तिथे आहे.

तेवढंच वजन, वेगळं नाक

दमदम पुन्हा येतं चाळीस वर्षांनी. तोवर बिनधुराची दारू आली होती. वेग इतका वाढला की नुसतं शिसं खाचांत खरवडून निघू लागलं. म्हणून १८८० च्या दशकात स्वित्झर्लंडच्या रुबिनने शिशाला तांब्याचं कवच चढवलं. इंग्रजांची नवी .३०३ गोळी अशीच होती, कवचाची, २१५ ग्रेनची, म्हणजे जेमतेम सव्वा रुपया. तीन रुपयांवरून सव्वा रुपयावर, आणि तरी जास्त लांब, जास्त सरळ.

वायव्य सरहद्दीवरच्या अधिकाऱ्यांची तक्रार मात्र वेगळी होती. ही गोळी माणसातून आरपार जाते आणि माणूस थांबत नाही. दमदमच्या कारखान्यात कॅप्टन बर्टी-क्ले याने टोकाचं कवच थोडं उघडं ठेवलं. वजन तेच, पण गोळी अंगात शिरताच फुलायची आणि जखम भयंकर व्हायची. १८९९ साली हेगला परिषद भरली. सुसंस्कृत सैनिक जखमी झाला की खाली बसतो, रानटी माणूस तसाच चाल करून येतो, असा युक्तिवाद तिथे ब्रिटिश प्रतिनिधीने केला. ब्रिटन आणि अमेरिकेच्या विरोधाला न जुमानता अशा गोळ्यांवर युद्धापुरती बंदी आली. ब्रिटनने ती मानली १९०७ मध्ये. रानटी कोण, हे त्या युक्तिवादात ज्याच्या हाती दमदम होतं तो ठरवत होता.

या बंदीचा हात रिव्हॉल्व्हरपर्यंतही पोचला. इंग्रजांच्या .४५५ वेब्लीची गोळी २६५ ग्रेनची, दीड रुपयाला थोडी कमी. १८९८ मध्ये तिचं खोलगट तोंडाचं रूप आलं आणि हेगनंतर सैन्यातून मागे घेतलं गेलं. पुढे .३८ चं एनफिल्ड रिव्हॉल्व्हर आलं, २०० ग्रेनच्या उघड्या शिशाच्या गोळीचं. उघडं शिसं हेगच्या शब्दांत बसेल का, या धास्तीने १९३० च्या दशकाच्या अखेरीस तिच्या जागी १७८ ग्रेनची कवचाची गोळी आली. रुपयाहून जरा जड होती, ती रुपयाहून जरा हलकी झाली.

नाशिक, २१ डिसेंबर १९०९

आमच्या जिल्ह्यातली सगळ्यात प्रसिद्ध गोळी पिस्तुलातून सुटली. नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात ‘शारदा’चा प्रयोग होता, कलेक्टर जॅक्सनच्या निरोपासाठी. अनंत कान्हेरेने त्याच्यावर ब्राउनिंग पिस्तूल झाडलं. सावरकरांनी लंडनहून चतुर्भुज अमीनबरोबर वीस ब्राउनिंग पिस्तुलं धाडली होती, त्यांतलं हे. कान्हेरे अठराचाही नव्हता. १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात त्याला कर्वे आणि देशपांडे यांच्यासह फाशी झाली.

त्या रात्री मी वर लिहिलेल्या कशालाच अर्थ नव्हता. अंतर हाताच्या लांबीचं होतं. गोळीचं नाक कसं आहे, ती किती ग्रेनची आहे, याने तिथे काहीच फरक पडत नव्हता. मॅगझिनच्या पिस्तुलात गोळीचं नाक गोल ठेवतात तेही मुख्यतः नेमासाठी नाही, तर गोळी न अडकता नळीत चढावी म्हणून. गोळीचा फरक पडतो तो अंतर वाढलं की. आणि तो मला कळला कागदावर.

बशी आणि कप

कॉलेजला नाशिकला असताना मी रेंजवर जायला लागले. पंचवीस मीटर, .२२ चं पिस्तूल. आजोबांचं वाक्य डोक्यात पक्कं होतं, म्हणून नेम चुकला की मी हाताला दोष द्यायची. एक दिवस प्रशिक्षकांनी पिस्तूल स्टँडवर टेकवायला लावलं. एका पेटीतल्या दहा गोळ्यांचा पसारा चहाच्या बशीएवढा पडला. मग त्याच कंपनीची, त्याच ४० ग्रेनची, पण दुसऱ्या लॉटची पेटी दिली. पसारा कपाच्या तोंडाएवढा.

“हात तोच आहे ना?” ते म्हणाले.

त्यांनी त्या दिवशी शिकवलेलं थोडक्यात सांगते. नाकापेक्षा बूड महत्त्वाचं. नळीतून सगळ्यात शेवटी बूड सुटतं. ते एका बाजूला जरा जरी दबलेलं असेल तर मागचा वायू गोळीला तिरका ढकलतो. दुसरं, गोळी जितकी लांब तितकी तिला जास्त गिरकी हवी. ग्रीनहिल नावाच्या गणित्याने १८७९ साली त्याचं सूत्र बसवलं. एकाच नळीत जड गोळी म्हणजे लांब गोळी, म्हणून एखाद्या नळीला एक वजन मानवतं आणि दुसरं नाही. उंच भोवऱ्याला जोराचा झटका लागतो, बुटका थोडक्यात उभा राहतो.

तिसरी गोष्ट ऐकून मला चूक वाटली. पंचवीस मीटरवर जड गोळी हलकीपेक्षा वर लागते. खरंच लागते. जड गोळी हळू सुटते, नळीत जास्त वेळ राहते, आणि तोवर धक्क्याने नळीचं तोंड थोडं वर उचललेलं असतं. म्हणून गोळीचं वजन बदललं की पिस्तुलाची माशी पुन्हा जुळवावी लागते.

आकाराचा सगळ्यात गमतीचा नमुना म्हणजे वॉडकटर. याला नाकच नसतं. खडूचा तुकडा उभा कापावा तशी सपाट गोळी. गोल नाकाची गोळी कागद फाडत जाते, ही पंचने पाडल्यासारखं गोल भोक पाडते. रेषेला भोक लागलं की वरचा गुण मिळतो, त्यामुळे स्वच्छ भोकाला किंमत. लांब अंतरावर ही गोळी हवेला टिकत नाही, पंचवीस मीटरपुरती उत्तम. सेंटर फायर पिस्तुलाच्या स्पर्धेत .३२ ची अशी काडतुसं सर्रास असतात. जसपाल राणाने २००६ च्या दोहा एशियाडमध्ये ५९० गुणांचा जागतिक विक्रम गाठला तो याच प्रकारात.

अमेरिकेत बरेच नेमबाज वापरलेली काडतुसं घरी भरतात. एकेक गोळी काट्यावर तोलतात, वेगवेगळी वजनं आणि आकार लावून पिस्तुलाला काय मानवतं ते शोधतात. आपल्याकडे काडतुसं बनवायला १९५९ च्या कायद्याप्रमाणे परवाना लागतो, आणि कायद्याच्या व्याख्येत काडतुसाचे भागही दारूगोळाच ठरतात. त्यामुळे आपला नेमबाज गोळी बनवत नाही, निवडतो. लॉट तपासायचा आणि बरा निघाला तर तोच मागायचा. राही सरनोबतने २०१८ ला पालेमबांगमध्ये पंचवीस मीटर पिस्तुलाचं सुवर्ण घेतलं, एशियाडच्या नेमबाजीत सुवर्ण मिळवणारी पहिली भारतीय महिला. आमच्या स्टेशनावरून जाणाऱ्या मध्य रेल्वेचा टीसी स्वप्नील कुसळे २०२४ ला पॅरिसहून रायफलचं कांस्य घेऊन आला. पिस्तूल आणि रायफल वेगळी, पण गोळी त्याच .२२ च्या घराण्यातली. अशा साडेचार गोळ्यांचा एक रुपया होतो.

पावती

आजोबा गेल्या वर्षी गेले. बंदूक ठाण्यात जमा आहे, आणि वारसाला परवाना हवा असेल तर अर्ज करायचा असतो. वडिलांना नको आहे. भाऊ पुण्यात असतो. घरात कोणाला बंदूक हाताळता येत असेल तर ती मला.

अर्ज माझ्या टेबलावर पडून आहे. ‘कारण’ या रकान्यात काय लिहू? रानडुकरं अजून येतात, पण आम्ही आता फटाके लावतो. आणि हे सगळं वाचल्यावर मला एक गोष्ट नीट दिसायला लागली आहे. गोळी सुधारत गेली त्या प्रत्येक वेळी प्रश्न एकच विचारला गेला, ती कुठे लागेल? कोणाला लागेल, हे ज्याच्या हातात कारखाना होता त्याने आधीच ठरवलेलं होतं. दीड शतकात तो प्रश्न बाजूला ठेवता येईल अशी एकच जागा मला सापडली, पंचवीस मीटरवरचा कागद.

परवा आजीने पेटी उघडली तेव्हा मी राणीछाप रुपया मागून घेतला आणि तळहातावर ठेवला. व्यापारी कांदा जोखतो तसा हात दोनदा वरखाली केला. फार जड नाही. .३८ ची गोळी साधारण एवढीच.

“काय बघतेस?” आजी म्हणाली.

“वजन.”

“ते काय बघायचं? तोळाभर आहे.” तिने रुपया परत घेतला आणि पेटीत टाकला.

अर्जावर मी अजून काही लिहिलेलं नाही. रेंजवर मात्र दर रविवारी जाते.